पराभवाची फाइल आणि ओझरचा कारखाना

निफाड तालुक्यातल्या ओझरला पंचक्रोशीत 'ओझर मिग' म्हणतात. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर असलेल्या या गावाशेजारी १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना आला आणि विमानाचे नाव गावाच्या नावाला चिकटले ते कायमचे. या कारखान्याची जन्मकथा जिल्ह्यात एका दमात सांगतात. चीनने हल्ला केला, आपला पराभव झाला, नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, यशवंतराव नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि त्यांनी जिल्ह्याला विमानांचा कारखाना दिला. सुटे घेतले तर यातले बहुतेक तपशील खोटे नाहीत. पण ओळीने सांगितले की पराभव हा कथेचा नुसता आरंभ उरतो आणि कारखाना त्याचे उत्तर होऊन बसतो. उत्तर मिळाले म्हटल्यावर प्रश्न कोण विचारणार? १९६२ मध्ये आपण हरलो ही गोष्ट कोणत्याही सरकारने नाकारलेली नाही. झाकली गेली ती हरण्याची कारणमीमांसा. ती लष्कराच्याच दोन अधिकाऱ्यांनी कागदावर उतरवली होती, आणि तो कागद बंद ठेवण्याचा निर्णय संसदेत जाहीर केला तो नाशिकच्या खासदाराने. यशवंतरावांची त्या वेळची कारणे पोकळ नव्हती. मात्र ती त्या काळापुरती होती. त्यांच्या आधारावर साठ वर्षे फाइल बंद ठेवणे हे वेगळेच प्रकरण आहे, आणि ओझरच्या कारखान्याने, स्वतःचा काहीही दोष नसताना, त्या झाकण्याला हातभार लावला आहे.

आधी पराभव नीट पाहायला हवा. भूतान आणि तिबेटच्या सीमा जिथे भारताला भिडतात तिथे, तवांगच्या पश्चिमेला, नामका चू नावाचा डोंगरी ओढा आहे. त्याच्या उत्तरेला थागला कडा उभा आहे. जून १९६२ मध्ये या ओढ्याच्या दक्षिणेला आसाम रायफल्सने ढोला चौकी उभारली. ८ सप्टेंबरला चिनी सैन्य थागलावरून खाली उतरले आणि चौकी वेढ्यात आली. त्यांना हाकलून लावा, असा हुकूम दिल्लीहून सुटला, आणि तो पाळण्यासाठी ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडला ओढ्याच्या काठी आणून बसवण्यात आले. शत्रू कड्यावर आणि आपण तळाशी, ही जागा कोणत्याही सेनापतीने स्वतःहून निवडली नसती. पलटणी ओढ्याच्या काठाने मैलोन्‌मैल पांगलेल्या होत्या आणि एका ठाण्याला दुसऱ्याची मदत होण्यासारखी नव्हती. जवानांच्या अंगावर सुती गणवेश, जवळ माणशी पन्नासेक गोळ्या आणि एखादे कांबळे होते. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रात पारा तीन-चार अंशांवर उतरला की निफाडचा शेतकरी द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवतो. नामका चूच्या काठी दहा हजार फुटांवरच्या ऑक्टोबरात माणसे उघड्यावर होती आणि धूर दिसला तर वरून गोळी यायची. रसद विमानातून टाकली जाई. सांगधरच्या अरुंद सपाटीवर टाकलेल्या गठ्ठ्यांपैकी कितीतरी दरीत जात. पुन्हा पुन्हा वापरलेल्या काही छत्र्या तर उघडतही नसत.

१० ऑक्टोबरला त्सेंगजोंगला पंजाब पलटणीच्या छोट्या तुकडीशी झालेल्या चकमकीत चिन्यांची संख्या आणि तयारी उघड झाली. त्या भागासाठी नव्याने बनवलेल्या चौथ्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल स्वतः तिथे होते आणि ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. ते दिल्लीला गेले. १२ तारखेला, श्रीलंकेला निघताना, नेहरूंनी पत्रकारांना सांगितले की आपला भूभाग मोकळा करण्याचे आदेश लष्कराला दिले आहेत. ब्रिगेड मागे घेऊन टिकाव धरता येईल अशा जागी न्यावी ही दळवींची मागणी कागदावरच राहिली. त्यानंतर कौल आजारी पडले, त्यांना विमानाने दिल्लीला हलवले, आणि कोअरची सूत्रे काही दिवस आजाऱ्याच्या बिछान्यावरून हलत राहिली. २० ऑक्टोबरच्या पहाटे तोफा सुरू झाल्या तेव्हा चिनी पायदळ रात्रीतच ठाण्यांमधल्या मोकळ्या जागांतून ओढा ओलांडून बगलेला आणि पाठीशी येऊन थांबले होते. सकाळ संपायच्या आत ब्रिगेड मोडली. दुसऱ्या राजपूत पलटणीचे अडीचशेहून अधिक जवान त्या एका सकाळी मारले गेले. दळवी २२ तारखेला कैद झाले.

पुढच्या टप्प्याची कथा याहून लांब आहे, पण तिचा सांगाडा तोच. सेला खिंडीत पाच पलटणी चांगल्या मोर्चात बसल्या होत्या. १७ नोव्हेंबरच्या रात्री माघार सुरू झाली, १८ ला बोमडिला पडले आणि दोन दिवसांत तेजपूर ओस पडले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली ती त्याच दिवशी. सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ ठार, १,६९६ बेपत्ता आणि ३,९६८ कैदी. या तीन आकड्यांमधले प्रमाण अस्वस्थ करणारे आहे. ठार झालेल्यांच्या जवळजवळ तिप्पट माणसे शत्रूच्या हाती लागतात तेव्हा शौर्य कमी पडले असा अर्थ काढणे सोपे असते, पण नामका चूचा नकाशा समोर ठेवला की तो अर्थ टिकत नाही. ती माणसे लढायच्या आधीच अशा ठिकाणी बसवली गेली होती जिथून परतीची वाट नव्हती. त्यांना तिथे कोणी बसवले, कोणत्या माहितीच्या आधारावर आणि कोणाच्या विरोधाला न जुमानता, हा खरा प्रश्न आहे.

ओझरचा कारखाना या प्रश्नाला का लागू पडत नाही ते इथे स्पष्ट होते. लढाऊ विमाने नव्हती म्हणून १९६२ मध्ये आपण हरलो, असे म्हणायला पुराव्याचा आधार नाही. त्या वर्षी हवाई दलाकडे हंटर होते, मिस्टेअर होते, तुफानी होते, नॅट होते आणि कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने होती. वाहतुकीची विमाने आणि हेलिकॉप्टर रात्रंदिवस राबली. लढाऊ विमानांना मात्र शत्रूवर उडण्याचा हुकूम शेवटपर्यंत मिळाला नाही. चीन कोलकात्यावर आणि इतर शहरांवर बॉम्ब टाकेल, ही भीती त्यामागे होती. तिबेटच्या पठारावरून भरलेले विमान उडवणे चिनी हवाई दलाला तेव्हा किती जड होते, याचा हिशेब कोणी गंभीरपणे मांडला असे दिसत नाही. विमाने तळांवर उभी आणि सैन्य दरीत, अशी अवस्था असताना १९ नोव्हेंबरला नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना दोन पत्रे पाठवून स्वनातीत लढाऊ विमानांची बारा स्क्वाड्रन मागितली, चालवायला अमेरिकी वैमानिकांसह. या पत्रांचा पूर्ण मजकूर भारतीय वाचकाला मिळायला चार-पाच दशके लागली, आणि तोही अमेरिकेतल्या संग्रहातून. म्हणजे एका निर्णयाची चूक साधनांच्या टंचाईच्या खात्यावर टाकण्याची सुरुवात युद्ध चालू असतानाच झाली होती.

मिग-२१ चा करारही पराभवातून जन्मलेला नाही. सोव्हिएत संघाशी त्याच्या वाटाघाटी युद्धाआधीच झाल्या होत्या आणि त्यामागे होते तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, ज्यांना पराभवानंतर जावे लागले. एअरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही कंपनी ऑगस्ट १९६३ मध्ये निघाली, पुढल्या वर्षी ऑक्टोबरात ती हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विलीन होऊन आजची हिंदुस्थान एअरोनॉटिक्स बनली. विमानाचा सांगाडा आणि जोडणी ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी झाली. यशवंतरावांच्या मंत्रिपदाचा ओझरला लाभ झाला ही ओझरकरांची भावना मी खोडून काढत नाही. एका तालुक्यातून कांदा, ऊस आणि द्राक्षांबरोबर लढाऊ विमानेही बाहेर पडतात याचा अभिमान कोणालाही वाटेल. पण ज्या कराराची बोलणी पराभवाआधी झाली तो पराभवाचे उत्तर कसा असेल? तरीही लोकांच्या मनात तो उत्तर म्हणूनच बसला, कारण उत्तराच्या जागी दुसरे काही ठेवलेच गेले नाही.

खरे उत्तर शोधायचे तर एका मराठी माणसाच्या कागदापासून सुरुवात करावी लागते. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात १९५७ ते १९६१ या काळात पूर्व विभागाचे लष्करप्रमुख होते. ईशान्य सीमेचे रक्षण कसे करावे याबद्दलचा अहवाल त्यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये वरती पाठवला. अगदी सीमारेषेला चिकटून हट्टाने बसू नका, जिथे आपली रसद पोचते आणि शत्रूची ताणली जाते तिथे मागे मुख्य फळी उभारा, असा त्याचा गाभा होता. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेऊन त्यांनी तो मांडूनही दाखवला. मेनन यांना तो घबराट पसरवणारा वाटला. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले. सरसेनापतिपदासाठी त्यांचे नाव पुढे आले होते, ते मागे पडले. पराभवानंतर नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले आणि हा कागद मला आधी का दाखवला नाही असे विचारले, असे थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. सांगणारा स्वतः पक्षकार आहे हे लक्षात ठेवून ते वाचावे. पण अहवालाची तारीख पक्षकार नसते. तीन वर्षे आधी लष्करातच धोक्याचे वर्णन झाले होते, आणि चीनने कपटाने अचानक गाठले ही सर्वांत लोकप्रिय सबब तिथेच कोसळते.

लष्करप्रमुख जनरल थापर यांच्या जागी आलेले जनरल जयंतनाथ चौधुरी यांनी डिसेंबर १९६२ मध्ये चौकशी नेमली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत, दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले, या दोघांकडे ती सोपवली. चौकशीला कुंपण सुरुवातीलाच घातले होते. प्रशिक्षण, साहित्य, हुकमतीची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांची योग्यता एवढेच विषय त्यांच्यापुढे होते. संरक्षण मंत्रालयाची, परराष्ट्र खात्याची किंवा गुप्तवार्ता विभागाची दप्तरे त्यांच्यापुढे उघडली गेली नाहीत, लष्करी मुख्यालयाचीही तपासणी त्यांच्या कक्षेत नव्हती. तरी भगतांसारखा माणूस कुंपणाच्या आत बसून बाहेरचे वर्णन करायला चुकला नाही. मे १९६३ मध्ये अहवाल चौधुरींकडे गेला, २ जुलैला संरक्षणमंत्र्यांच्या टेबलावर आला. ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला, स्वतंत्र भारतातला पहिलाच. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. त्याला दोन आठवडे होतात न होतात तोच, २ सप्टेंबरला, यशवंतराव लोकसभेत निवेदनासाठी उभे राहिले.

ते निवेदन आज फारसे कोणी वाचत नाही आणि हे दुर्दैव आहे, कारण त्यात लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे. साहित्याची टंचाई होती हे त्यांनी मान्य केले, पण लगेच जोडले की वस्तू देशात कुठेच नव्हती असे दर वेळी नव्हते, ती पुढच्या मोर्चापर्यंत वेळेवर पोचत नव्हती. डोंगरी युद्धाचे प्रशिक्षण नव्हते हे मान्य केले. हुकमतीची पद्धत मुळात ठीक आहे, मात्र वरिष्ठ कार्यालये खालच्या पलटणींच्या बारीकसारीक हालचालींत, कोणती तुकडी कोणत्या कामाला लावायची इथपर्यंत, ढवळाढवळ करत होती हे सांगितले. कनिष्ठ अधिकाऱ्यांचा दर्जा बरा होता, ब्रिगेडपर्यंत एखाददुसरा अपवाद सोडता निभावले, त्याच्या वरती उणिवा ठळक होत गेल्या हेही सांगितले. गुप्तवार्तांची छाननी मोघम होती. आणि एक वाक्य असे की कितीही मोठ्या आणि सुसज्ज सैन्याला सरकारकडून धोरणाचे मार्गदर्शन आणि ठळक निर्देश मिळावे लागतात. पंतप्रधान सभागृहात बसलेले असताना त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या मंत्र्याने हे म्हणणे साधी गोष्ट नव्हती. यशवंतरावांची ती खास रीत. नाव घ्यायचे नाही, खोटे बोलायचे नाही, आणि ज्याला कळायचे त्याला कळेल एवढी फट ठेवायची. मग त्यांनी सांगितले की अहवाल प्रसिद्ध केल्यास देशाच्या सुरक्षेला बाध येईल आणि सीमेवर उभ्या असलेल्यांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, म्हणून तो प्रसिद्ध होणार नाही.

सप्टेंबर १९६३ पुरती ही कारणे मला पटतात. युद्धकैदी नुकते परतले होते, डोंगरी डिव्हिजन उभ्या होत होत्या, पाकिस्तान काश्मीरकडे डोळे लावून होता, आणि नवा संरक्षणमंत्री सैन्याचा विश्वास मिळवण्याच्या धडपडीत होता. पंतप्रधान आणि लष्कर एकमेकांविरुद्ध साक्ष देत आहेत असे चित्र त्या वर्षी उभे राहिले असते तर दुरुस्तीचे काम बाजूला पडले असते. १९६५ मध्ये याच यशवंतरावांच्या हाताखाली सैन्य आणि हवाई दल बरोबरीने लढले, १ सप्टेंबरला छांबमध्ये विमाने वापरायची परवानगी त्यांनी थोड्या वेळात दिली. १९६२ चा धडा त्यांच्या मनात कुठे तरी पक्का होता असे म्हणायला एवढे पुरे. त्यामुळे यशवंतरावांनी सत्य गाडले, असा सरधोपट आरोप करणे अन्यायाचे होईल. त्यांनी ते काही काळासाठी बाजूला ठेवले. त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येकाने ती मुदत न विचारता वाढवली.

नाशिकचा मात्र यात एक वेगळा वाटा आहे आणि तो अभिमानाच्या कथेत येत नाही. मंत्र्याला सहा महिन्यांत संसदेत निवडून यावे लागते, म्हणून यशवंतरावांसाठी नाशिकची पोटनिवडणूक होती. तिथे कोणी उभे राहिले नाही. त्याच १९६३ च्या मे महिन्यात अमरोह्यातून कृपलानी, फर्रुखाबादमधून लोहिया आणि राजकोटमधून मिनू मसानी काँग्रेसला हरवून निवडून आले. तिथल्या सभांत चीनचा प्रश्न गाजला, मतदारांनी राग व्यक्त केला, आणि अविश्वासाचा ठराव मांडणारा माणूस त्याच निवडणुकांतून लोकसभेत पोचला. ज्या मतदारसंघात खुद्द संरक्षणमंत्री उमेदवार होता तिथे त्याला एकही प्रश्न जाहीर सभेत विचारला जाण्याचा प्रसंग आला नाही. संकटात सर्वांनी एक व्हावे, या भावनेची मी चेष्टा करत नाही, विरोधी पक्षांचे ते मोठेपणच होते. पण नामका चूबद्दल मंत्र्याला समोरासमोर विचारण्याची देशातली सर्वांत सोयीची जागा त्या वर्षी नाशिक होती, आणि ती जागा आपण आदराने मोकळी सोडली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. झाकले काय, सगळे तर छापून आले! कौलांचे पुस्तक १९६७ चे, दळवींचे १९६९ चे, निरंजन प्रसाद आणि पलित यांची नंतरची. खरे आहे, आणि त्यातले दळवींचे पुस्तक तर कोणत्याही भाषेतल्या युद्धवर्णनाच्या शेजारी ठेवावे असे आहे. पण ही सगळी माणसे त्या घटनेत आरोपी, फिर्यादी किंवा साक्षीदार होती. कौल मेनन यांच्याकडे बोट दाखवतात, दळवी कौलांकडे, प्रसाद दोघांकडे. लढाईच्या दैनंदिनी, हुकूम आणि तारा समोर ठेवून तटस्थ अधिकाऱ्यांनी लिहिलेला एकच दस्तऐवज होता आणि तो बंद राहिला. परिणाम काय झाला? ब्रिटिश वृत्तपत्राचे दिल्लीतले प्रतिनिधी नेव्हिल मॅक्सवेल यांना तो अहवाल मिळाला, त्यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहिले, आणि युद्धाला भारतच जबाबदार होता हा त्यांचा निष्कर्ष जगभर प्रमाण मानला गेला. मॅक्सवेल यांनी अहवालातून काय उचलले आणि काय वगळले हे ताडून पाहायला कोणाही भारतीय अभ्यासकाकडे मूळ प्रत नव्हती. आपली बाजू मांडण्याची सोय आपणच कुलूपबंद केली. मार्च २०१४ मध्ये मॅक्सवेल यांनीच अहवालाचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. मधली काही पाने त्यात नाहीत आणि परिशिष्टेही नाहीत.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. सीमा अजून ठरलेली नाही, तेव्हा त्या कागदात आजही लष्करी महत्त्वाचे काही असेल. कुलदीप नय्यर यांनी माहिती अधिकारात अहवाल मागितला तेव्हा त्यांना हेच कारण मिळाले. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१० मध्ये संसदेत तेच सांगितले, आणि पुढे सरकार बदलल्यावर २०१४ मध्ये अरुण जेटलींनीही. दोन विरोधी पक्षांचे मंत्री एका गोष्टीवर एवढे एकमत होतात हा योग दुर्मीळ. आता पाहा, अहवालात वर्णन आहे ते 'थ्री नॉट थ्री' बंदुका, खेचरे आणि पायवाटांच्या काळाचे. ज्या खिंडींकडे जायला तेव्हा पाच-सहा दिवस चालावे लागे तिथे आज डांबरी रस्ते आणि बोगदे आहेत. नकाशावरची एखादी ओळ खरोखर नाजूक असेल तर तेवढी काळी करून उरलेले छापता येते, जगभरची सरकारे तसे करतात. शिवाय मॅक्सवेल यांनी टाकलेल्या पानांमुळे जे बाहेर पडायचे ते शत्रूच्या हाती केव्हाच पडले आहे. त्या पानांत लष्करी गुपिते थोडी आणि एक मोठी राजकीय अडचण दिसते. नोव्हेंबर १९६१ मध्ये चौक्या पुढे सरकवण्याचे धोरण ठरले, ते चीन बळाचा वापर करणार नाही या गुप्तवार्ता विभागाच्या अंदाजावर, आणि पाठीशी सैन्य नसताना. लष्करी मुख्यालयाने ते ठामपणे अडवले नाही. यातली अडचण काँग्रेसची होती म्हणावे तर बिगरकाँग्रेसी सरकारांनीही कुलूप का काढले नाही? उत्तर बहुधा असे की कोणत्याही सरकारला आपल्या फाइली पुढे उघडल्या जाण्याचा पायंडा नको असतो. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने या युद्धाचा अधिकृत इतिहास १९९२ मध्ये लिहून पूर्ण केला, त्याच्या लेखकांत पुण्याचे कर्नल अनिल आठल्ये होते. तोही रीतसर प्रसिद्ध झाला नाही, पुढे फुटून बाहेर आला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नावे घेऊन चिरफाड केली की सैन्याचे आणि समाजाचे मनोबल खचते. याला उत्तर द्यायला निफाड तालुक्याबाहेर जावे लागत नाही. विंचूर याच तालुक्यातले. तिथले सरदार विठ्ठल शिवदेव पानिपतावर होते आणि त्यांच्यावरचा ठपका मराठी इतिहासात उघड नोंदलेला आहे. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या आडोशाने गोल बांधून सरकायचे ठरले असताना विंचूरकर आणि दमाजी गायकवाडांचे घोडदळ उतावीळपणे पुढे घुसले, त्यामुळे स्वतःच्याच तोफा बंद पडल्या आणि रचना मोडली, असा तो ठपका. तो बरोबर की चूक यावर अभ्यासकांनी शाई खर्च केली आहे आणि पुढेही करतील. मुद्दा हा की तो लिहिला गेला, वाचला गेला, आणि तरी विंचूरकरांचे घराणे बुडाले नाही. विठ्ठल शिवदेव पानिपताहून जिवंत परतले आणि दोनच वर्षांनी, १७६३ मध्ये, राक्षसभुवनला मराठ्यांनी निजामाला हरवले तेव्हा पेशव्यांच्या फौजेत होते. पराभवाची चर्चा झाल्याने मराठे खचले असते तर माधवरावांची कारकीर्द झालीच नसती.

पानिपताला एवढा काळ लोटला म्हणून ते सोपे गेले, असेही कोणी म्हणेल. काळ लोटण्याआधीच ते लिहिले जात होते. भाऊसाहेबांची बखर घटनेनंतर फार उशिरा झालेली नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने, म्हणजे शत्रूच्या छावणीत बसलेल्या मराठी माणसाने, १७८० च्या सुमारास फारसीत आपली हकीकत लिहून ठेवली आणि ती आपण शत्रूची म्हणून फेकून दिली नाही. १८९८ मध्ये इतिहासकार राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला तो १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा, म्हणजे पराभवाकडे नेणाऱ्या वर्षांचा. पुढे शेजवलकरांनी त्याच कागदांवरून पानिपतावरचे सेनापती सदाशिवराव भाऊंना न्याय मिळवून दिला. हे लक्षात घेण्यासारखे आहे: कागद उघडल्याने सदाशिवरावांची निंदा वाढली नाही, उलट उतरली. नामका चूच्या कागदांतही असे कोणी असतील, ज्यांच्यावर आज नाहक डाग आहे. दरीत बसवलेल्या पलटणी कच खाऊन पळाल्या, हा समज कित्येक घरांनी साठ वर्षे मुकाट्याने सोसला. त्यांची बाजू सांगणारे हुकूम आणि तारा परिशिष्टांत आहेत, आणि परिशिष्टे तर मॅक्सवेल यांच्याकडूनही बाहेर आलेली नाहीत.

ओझरच्या कारखान्याने या काळात आपले काम चोख केले. सहाशेहून अधिक मिग-२१ तिथे बनले किंवा जोडले गेले, मग मिग-२७, मग सुखोई-३०. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याच्या राज्यपाल भवनावर मिग-२१ विमानांनी अग्निबाण सोडले, आणि दोन दिवसांनी पाकिस्तानी सैन्याने शरणागती लिहून दिली. त्या युद्धावरही टीकेची पुस्तके आली आणि कोणाचे मनोबल खचले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला शेवटच्या मिग-२१ नी निरोप घेतला, पुढच्याच महिन्यात ओझरच्या धावपट्टीवरून तिथे बनलेले पहिले तेजस उडाले. विमानाच्या अख्ख्या पिढीचा जन्म, सेवा आणि निवृत्ती हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवालाच्या बंदीच्या काळात उरकली. आपल्या लोकप्रतिनिधींनी संसदेत विचारावा असा प्रश्न यातून सरळ निघतो, आणि तो विचारायला संरक्षणमंत्री याच जिल्ह्याचा असण्याची गरज नाही. २ सप्टेंबर १९६३ च्या निवेदनात सुरक्षेची आणि मनोधैर्याची जी दोन कारणे दिली होती, त्यांपैकी आज नेमके कोणते लागू आहे, आणि अहवालाच्या कोणत्या पानाला?